आरसी बुक अस्सल, गाडी मात्र चोरवाटेने आलेली

जुनी लँड क्रूझर, निसान पॅट्रोल, डिफेंडर किंवा पाजेरो अशी परदेशी फोर-बाय-फोर घ्यायच्या विचारात असाल तर इसार देण्याआधी हे वाचा. माझे 21 लाख रुपये अडकलेत, गाडी सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात आहे आणि विकणाऱ्याचा फोन बंद आहे. पैसे परत मिळतील तेव्हा मिळतील, पण हीच पद्धत वापरून आजही लोकांना गाड्या विकल्या जातायत, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी होती टोयोटा लँड क्रूझर, 80 सिरीज. 4.2 लिटरचं सहा सिलिंडर टर्बो डिझेल इंजिन, पुढे-मागे सलग एक्सल, कॉइल स्प्रिंग, डिफ लॉक. सह्याद्रीत पावसाळ्यात गाड्या चिखलात घालणाऱ्यांना या गाडीबद्दल वेगळं काही सांगायला नको. नंबर ईशान्येकडच्या एका राज्याचा होता. विकणारा पुण्याच्या बाजूचा, या वर्तुळात वावरणारा. गाडी कुठून आली असं विचारल्यावर त्याचं उत्तर तयार होतं: “दूतावासाची गाडी आहे सर. तिथले साहेब मायदेशी गेले, गाडी लिलावात निघाली. ड्यूटी भरलेली आहे, पेपर सगळे क्लिअर. तुम्ही फक्त एनओसी लावून इकडचं पासिंग करून घ्यायचं.”

कागदही होते. आरसी, चालू विमा, कस्टम क्लिअरन्सची झेरॉक्स, दूतावासाच्या नावाचं विक्रीपत्र, आणि मालकी बदलासाठी लागणारे, मालकाने सही करून दिलेले 29 आणि 30 नंबरचे फॉर्म. एमपरिवाहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला की गाडीची नोंद ‘ॲक्टिव्ह’ दिसत होती, विम्याची तारीखही जुळत होती.

ही फसवणूक नेमकी इथेच उभी आहे. ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत तेवढंच दिसतं, जेवढं कुठल्या तरी आरटीओत कुणीतरी भरलेलं असतं. पूर्वीच्या कागदी रजिस्टरातल्या गाड्या संगणकावर घेण्यासाठी ‘बॅकलॉग’ नोंदीची सोय आहे. त्याच दारातून कधीच अस्तित्वात नसलेली जुनी नोंदणी आत सरकवली की पुढचं सगळं अस्सल निघतं. स्मार्ट कार्ड खरं, विमा खरा, एनओसीसुद्धा खरी. गाडी देशात कशी आली, हे त्यातला एकही कागद सांगत नाही.

व्यवहारात 9 लाख आरटीजीएसने गेले, तेही विक्रेत्याच्या ‘भाच्याच्या’ खात्यावर, आणि 12 लाख रोख. एनओसी आली, गाडी आली, आणि आमच्या जिल्ह्यात नवा नंबर घ्यायला मी ती तपासणीसाठी उभी केली.

या गाडीचा चॅसिस नंबर पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला, चॅसिसच्या दांड्यावर असतो. इन्स्पेक्टरसाहेबांनी स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं, खाली वाकून थिनरचा बोळा फिरवला आणि बॅटरी मारली. काळा रंग उतरला तशी आकड्यांभोवती वेल्डिंगची चौकोनी कड दिसायला लागली. वरून ग्राइंडर मारून ती सपाट केली होती. आकड्यांमधला एक 8 बाकीच्यांच्या ओळीपेक्षा जरा खाली बसला होता. मग त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, म्हणजे फायरवॉलवर, कंपनीची पट्टी असते, तिथे फक्त रिव्हेटची भोकं. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर सगळा मजकूर जपानी. सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर खालच्या टोकाला शिवलेलं लेबल निघालं, त्यावर साल 1993. आरसीवर उत्पादनाचं साल 1996.

त्यांनी तिथेच एक गोष्ट समजावून सांगितली, ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी. जपानच्या स्वतःच्या बाजारासाठी बनलेल्या गाड्यांना 17 अक्षरी व्हीआयएन (गाडीचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नसतो. आधी मॉडेलचा कोड आणि पुढे क्रमांक, असा आखूड फ्रेम नंबर असतो. या मॉडेलला तो ‘एचडीजे81’ने सुरू होतो. माझ्या आरसीवर मात्र 17 अक्षरं होती. म्हणजे कागद दुसऱ्याच गाडीचे होते आणि त्यांच्याशी जुळावा म्हणून नंबर या गाडीवर ठोकला होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. आरसीवरच्या मालकाने ही गाडी कधी पाहिलेलीही नव्हती. कर्ज काढून देतो म्हणून कुणीतरी त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि सह्या नेल्या होत्या. कस्टम क्लिअरन्सवरच्या क्रमांकाची चौकशी केली तर ती नोंद दुसऱ्याच मालाची निघाली. त्यानंतर सीमाशुल्क कायद्याच्या कलम 110 खाली गाडी जप्त झाली. आपण पैसे मोजून, सगळ्यांदेखत गाडी घेतली, या कारणाने ती सुटत नाही. चोरट्या मार्गाने आलेला माल कुणाच्याही हातात असला तरी जप्तीला पात्रच असतो. शिवाय खोट्या कागदांवर मिळवलेली नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 खाली रद्द होते.

हे फक्त माझ्याच बाबतीत घडलेलं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये कोचीच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ‘ऑपरेशन नुमखोर’ या नावाने केरळभर छापे घातले आणि भूतानमार्गे आणलेल्या गाड्या उचलल्या. लष्कर आणि दूतावासांच्या नावाचे बनावट कागद लावून त्यांची नोंदणी झाल्याचं त्यांनी सांगितलं. त्याआधी जुलै 2021 मध्ये डीआरआयने (महसूल गुप्तचर संचालनालयाने) परकीय राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावावर करमाफीत आणून परस्पर विकलेल्या आलिशान गाड्यांचं रॅकेट पकडलं होतं. ‘दूतावासाची गाडी’ आणि ‘मिलिटरी डिस्पोजल’ या दोन गोष्टी ऐकल्या की पाकिटाला हात लावू नका. दूतावासाची गाडी खरोखरच विकली गेली असेल तर तिला आधी सीडी (राजनैतिक गाड्यांचा) नंबर असतो, आणि बाहेरच्या माणसाला विकायला परराष्ट्र मंत्रालय आणि सीमाशुल्क खातं या दोघांची परवानगी असते. माझ्या आरसीत आधीच्या नंबरचा उल्लेखच नव्हता.

आयातीचा नियमही माहीत हवा. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती उत्पादनापासून 3 वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं, पुढची किमान 5 वर्षं ती रस्त्यावर चालेल असा दाखला लागतो, आणि ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. ही वाटही 2001 साली उघडली. जपानमध्ये 1998 च्या सुरुवातीला 80 सिरीजच्या जागी 100 सिरीज आली होती. म्हणजे जपानी बाजारातली वापरलेली 80 सिरीज या वाटेने भारतात येणं हिशेबातच बसत नाही. कायदेशीर 80 आपल्याकडे आहेत, पण त्यांच्यामागे नवी असताना झालेली आयात, परदेशातून कायमचं परतलेल्या माणसाचं सामान किंवा राजनैतिक विक्री, असा काहीतरी सलग इतिहास असतो आणि तो कागदावर दाखवता येतो. दुसऱ्या कुठल्याही मॉडेलसाठी हाच हिशेब घरी बसून करा: गाडी कुठल्या साली बनली, कुठल्या साली आली, कुणाच्या नावाने आली.

बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयातीच्या वेळी सीमाशुल्क खात्याकडे भरलेल्या कागदाची, प्रत मागा आणि तिचा क्रमांक, तारीख, बंदर आणि चॅसिस नंबर सीमाशुल्क खात्याकडून पडताळून घ्या. विक्रेत्याने पाठवलेल्या लिंकवर किंवा त्याच्या एजंटवर विसंबू नका. आरसीवरचा मालक स्वतः समोर येत नसेल आणि कोरे सही केलेले फॉर्म हातात दिले जात असतील तर तिथून उठा. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं, ते दाखवायला सांगा. गाडी लिफ्टवर घ्या, चॅसिस नंबरभोवतीचा रंग उतरवून बघू द्या अशी अट घाला. प्रामाणिक विक्रेता याला नाही म्हणणार नाही.

अशी गाडी ज्यांच्या दारात आधीच उभी आहे त्यांनी ती पुढे खपवू नका. पुढचा माणूस तुमच्याच नावाने तक्रार करेल आणि बनावट कागद वापरल्याचा गुन्हा तुमच्यावर येईल. सीमाशुल्काची कामं करणारा वकील गाठा आणि स्वतःहून खात्याकडे जा. जप्ती झालीच तर कलम 110अ खाली बंधपत्र आणि हमी देऊन तात्पुरत्या सुटकेचा अर्ज करता येतो. कलम 125 खाली दंड भरून गाडी सोडवायची तरतूद आहे, पण आयातीला बंदी असलेल्या मालाला ती मुभा द्यायची की नाही हे अधिकारी ठरवतो, आणि सुटलेल्या गाडीचं पासिंग होईल याची खात्री नसते. विक्रेत्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार वेगळी द्यावी लागते. माझी तक्रार उभी राहिली ती आरटीजीएसच्या नोंदीवर आणि व्हॉट्सॲपवरच्या त्याच्या व्हॉइस मेसेजवर. रोख दिलेल्या 12 लाखांचा पुरावा म्हणून आज फक्त ते मेसेज आहेत.