रोज दहा ओळी, पंधरवड्याला पानभर, की महिन्याला ऐसपैस?

चिंतनपर लिहायला घेतलेल्या माणसाला विषय सापडतो लवकर, घोडं अडतं ते किती लिहू आणि किती दिवसांनी लिहू यावर. इंग्रजीतले सल्ले ढिगाने मिळतात, दीड हजार शब्द लिहा, आठवड्यातून दोनदा लिहा वगैरे, पण ते बहुतेक काहीतरी विकायला बसलेल्यांसाठी असतात आणि शब्दांचा आकडा तर आपल्याला तसाच्या तसा लागूच होत नाही, कारण मराठीत प्रत्यय काय नि शब्दयोगी काय सगळं शब्दालाच चिकटतं, तोच मजकूर कमी शब्दांत बसतो. मराठीत सातशे-आठशे शब्द म्हणजे चांगला भरलेला लेख झाला, वाचायला चार-पाच मिनिटं.

एकच विषय तिन्ही मापांत घालून बघू, म्हणजे फरक कळेल. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी बघत बसलेलं असतं, ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. समजा त्यावरच लिहायचंय.

रोज लिहिणारा लिहील की आज पाणी ३८ फुटांवर, शेजारच्या काकूंनी धान्याचे डबे माळ्यावर चढवले, वरती जागा उरली म्हणून लोणच्याची बरणी पण नेली, लाईट जाईल म्हणून घरातले सगळे फोन चार्जिंगला, आणि आपण काही करू शकत नाही हे माहीत असून मी दर तासाला पातळी का बघतोय कळेना. झालं, संपलं. शे-सव्वाशे शब्द. यातली बरणी लई महत्त्वाची आहे, कारण दिवाळीपर्यंत ती कोणाला आठवणार नसते. रोजच्या लिखाणाची खरी कमाई ही, बारकावा हातातून निसटत नाही.

पण शेवटचा प्रश्न बघा, तो तसाच लोंबकळत राहिला. दुसऱ्या दिवशी पाणी ३९ ला गेलं, लिहायला नवीन मिळालं, प्रश्न मागे पडला तो पडलाच. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून ग्लासभर धारोष्ण दूध देतात, चवीला एक नंबर, पण दही पाहिजे असेल तर ते दूध घरी नेऊन, विरजण लावून रात्रभर हात न लावता ठेवावंच लागतं. चिंतनाचं तेच आहे. शिवाय रोज पाठवलेलं वाचणारे थोडे दिवस कौतुकानं वाचतात, मग ते पहाटेच्या गुड मॉर्निंगच्या फुलांबरोबर अंगठ्यानं वर सरकवलं जातं. तुम्हाला वाटतं वाचक कंटाळला, तो कंटाळलेला नसतो, त्याला फक्त उरक होत नाही.

आता महिन्याचा ऐसपैस लेख, अडीच-तीन हजार शब्दांचा. त्यात पूररेषा येईल, म्हणजे निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची, नदीकाठची बांधकामं येतील, चार जुन्या माणसांशी बोलणं होईल. भारी होतो असा लेख, झाला तर. अडचण अशी की एक महिना हुकला की थेट दोन महिन्यांची गॅप पडते, आणि एवढ्या दिवसांनी लिहितोय तर दणदणीतच पाहिजे म्हणून लेख अजून फुगतो, म्हणून अजून लांबतो. मराठी माणूस लांब वाचत नाही असं मात्र मी म्हणणार नाही, १९०९ ला मासिक मनोरंजनने दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण वर्षातून एकदा का होईना जाडजूड वाचतोयच की. पण ते निवांत, सुट्टीत. केएमटीच्या बसमध्ये उभ्यानं फोनवर तीन हजार शब्द कोण वाचणार?

मधला पर्याय सहाशे ते नऊशे शब्दांचा, आठवड्याला किंवा पंधरवड्याला, आणि माझा कौल यालाच. पुराच्या उदाहरणात हा लेखक तो लोंबकळलेला प्रश्नच उचलेल, पातळी पुन्हा पुन्हा का बघतो आपण. पहिलं उत्तर सोपं, भीती. पण आठवडाभर डोक्यात राहिलं की दुसरं सुचतं, की आकडा बघितला की काहीतरी आपल्या हातात आहे असं वाटतं. मग त्याला आठवेल की २००५ चं पाणी कुठपर्यंत आलं होतं ती खूण धरून निवांत बसलेल्यांच्या घरात २०१९ ला पाणी त्या खुणेच्याही वर चढलं, म्हणजे आकड्यानं धीर दिला आणि त्याच आकड्यानं फसवलं पण. इथे विचाराला वळण मिळालं. या वळणासाठी सहा-सातशे शब्द लागतात, शंभरात ते बसत नाही आणि तीन हजारांत ते पूररेषांच्या माहितीखाली दबून जातं.

हे माप काय आजचं नाही. मराठी लघुनिबंध ज्यांनी गाजवला त्यातले फडके राजाराम कॉलेजात शिकवायचे आणि खांडेकर १९३८ पासून कोल्हापूरकरच, दोघांनीही एकच साधी गोष्ट घेऊन दोन-चार पानांत उलटसुलट करून बघितली. तेवढ्यात एक वळण व्यवस्थित मावतं.

म्हणून लांबी ठरवताना शब्द मोजण्याआधी वळण मोजा. वळण असलेले चारशे शब्द चालतील, नसलेले नऊशे नको. आणि लिहून झालं की पहिला परिच्छेद झाकून वाचा, बऱ्याचदा तो नुसता सुरुवात करायची म्हणून लिहिलेला असतो.

आठवडा की पंधरवडा? गोकुळ शिरगावला शिफ्टची नोकरी असेल, घरी लहान पोरं असतील तर सरळ पंधरवडा. मास्तर असाल, रिटायर असाल तर आठवडा झेपेल. शंका असली तर पंधरवड्यानंच सुरू करा, जम बसला की आठवड्यावर या. बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण सुद्धा जानेवारी १८३२ ला पाक्षिक म्हणूनच निघालं आणि काही महिन्यांनी साप्ताहिक झालं. उलटं केलं, म्हणजे आठवड्याचं पंधरवड्यावर आणलं, तर वाचणाऱ्याला वाटतं गडी थकला.

रोज लिहायची खाज असेल तर लिहाच, पण वहीत, कोणाला दाखवायला नाही. बरणी तिथे टिपून ठेवायची आणि पंधरा दिवसांनी वही चाळायची, जे परत वाचताना अजून टोचतंय तेवढंच बाहेर काढायचं. दोन लेख कायम तयार ठेवा, लग्नसराईत आणि पोरांच्या परीक्षेत उपयोगी पडतात. वार स्वतःपुरता ठरवा, जाहीर करायची घाई नको. आणि खाडा झालाच तर "बरेच दिवस लिहिणं झालं नाही, क्षमस्व" असलं काही लिहीत बसू नका, समोरच्यानं दिवस मोजलेले नसतात. गणपती आणि दिवाळीचे आठवडे तर आधीच सुट्टीत धरा, तेव्हा लिहिणंही होत नाही आणि कोण वाचत पण नाही.