महिना पगार की रोज आणि वाटा? कास-बामणोली पट्ट्यात पर्यटन केंद्र चालवणाऱ्यांसाठी

कास, बामणोली, तापोळा, भिलार या भागात पाच-सहा खोल्यांचं कृषी पर्यटन केंद्र काढलं, की पाहुण्यांच्या आधी माणसांचा प्रश्न उभा राहतो. बारमाही पगारावर माणसं ठेवायची, की सीझनपुरती रोजावर घेऊन वर गल्ल्यातला वाटा द्यायचा?

आधी गावाचं कॅलेंडर बघा. कासची फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे गणपती-नवरात्राचेच दिवस. स्ट्रॉबेरीची लावण सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाठोपाठ भाताची कापणी. तुम्हाला माणूस हवा असतो, नेमका तेव्हाच तो त्याच्या घरी आणि रानातही हवा असतो. रोजावरचा माणूस त्या दिवशी येत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. पगारी माणूस चार दिवस आधी सांगतो, जाताना भावजयीला नाहीतर पुतण्याला बदली लावून जातो. मला हा फरक पैशापेक्षा मोठा वाटतो.

दुसरी गोष्ट उचलीची. जूनमध्ये शाळेची फी, बी-बियाणं, खत सगळं एकदम येतं. पगारी माणसाला मालक उचल देतो आणि महिन्या-महिन्याने वळती करतो. रोजावरच्याला ती सोय नसते. मग जो आधी पैसे देईल त्याच्याकडे तो जातो. जावळी-पाटणची पोरं पिढ्यान् पिढ्या मुंबईला माथाडी कामाला गेली, ती बारा महिन्यांच्या भरवशासाठीच.

पगाराचा तोटा उघड आहे: जून-जुलैत खोल्या रिकाम्या आणि पगार चालू. खोल्या दोनच असतील आणि पाहुणे फक्त शनिवार-रविवारी येत असतील, तर सरळ रोजावर चालवा.

वाट्याची ताकद मात्र कमी समजू नका. समजा महिन्याचा गल्ला ३ लाख झाला आणि त्यातले ४ टक्के बाजूला काढले, तर १२,००० होतात. सहा जणांत प्रत्येकी २,०००. मग पाहुण्यांची बॅग उचलायला कुणाला सांगावं लागत नाही. पण वाटा सगळ्यांना सारखा द्या. ऑनलाइन स्टार बघून एकेकाचा वाटा ठरवणं मला साफ अमान्य आहे. आठला येणारा ग्रुप साडेदहाला येतो, मावशी विझवलेली चूल परत पेटवून वीस जणांच्या भाकऱ्या थापतात, आणि मोबाइलला रेंज नव्हती म्हणून सकाळी दोन स्टार पडतात. त्या दोन स्टारांपायी मावशींचे पैसे कापणार का?

कामाचं मोजमाप दोन्ही पद्धतींत लागतंच. वर्षातून एकदा फॉर्म भरून घेण्यात काही अर्थ नाही, तोवर सीझन संपलेला असतो. सोमवारी पाहुणे गेले की चहाबरोबर दहा मिनिटं बसा. खोली बाराच्या आत तयार होती का, भाकरी ताटात गरम पडली का, तक्रार त्याच दिवशी तुमच्या कानावर आली का, एवढंच विचारा. आधी त्यांना बोलू द्या. गिझर बंद होता हे झाडणाऱ्या ताईंना तुमच्याआधी माहीत असतं. कुणाचं चुकलं असेल तर ते चारचौघांत नको, बाजूला घेऊन सांगा. गावात बोललेलं संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचतं.

चार खोल्यांच्या वर असाल तर माझा सल्ला असा: स्वयंपाक आणि राखण बारमाही पगारावर, गाईड, वाढपी, पार्किंगची पोरं रोजावर, वाटा दोघांनाही. किमान वेतन कुठल्याही पद्धतीत चुकवू नका, आणि वाट्याचा हिशेब दर महिन्याच्या पाच तारखेला सगळ्यांसमोर वहीतून वाचून दाखवा.