जुन्या रायफलचं ग्रीस: नागपूरचं ऊन की टर्पेंटाइन?

काकांच्या परवान्यावरची .315 रायफल वर्षानुवर्षं ग्रीसमध्ये गुंडाळून पेटीत होती. हे जाड तपकिरी ग्रीस म्हणजे पेट्रोलियमचा मेणासारखा प्रकार, कॉस्मोलिन. सुकलं की डिंकासारखं घट्ट बसतं. पण साधारण 45 ते 50 अंशांवर ते वितळतं, आणि मे महिन्यात आपल्या गच्चीवर तेवढी उष्णता फुकट मिळते.

आधी चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसते ती जागा, रिकामं असल्याची दोनदा खात्री करा. मग लाकूड लोखंडापासून वेगळं करा.

लाकडासाठी मी ऊनच निवडेन. दस्ता जुन्या सुती कापडात गुंडाळून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा. तासाभरात ग्रीस घामासारखं बाहेर येतं. पुसायचं, कापड बदलायचं, पुन्हा ठेवायचं. दोन-तीन दुपारी जातात, पण लाकडाच्या रेषा परत दिसू लागतात तेव्हा जीव सुखावतो. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात. टर्पेंटाइन इथे नकोच: ते ग्रीस पातळ करून लाकडात आणखी खोल मुरवतं, शिवाय जुनं पॉलिशही उतरवतं.

बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग), स्प्रिंग, मॅगझिन यांच्या खाचांत मात्र ऊन कमी पडतं. तिथे रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन आणि जुना टूथब्रश, अर्ध्या तासात काम. हातमोजे घाला, खोली उघडी ठेवा, जवळपास शेगडी नको. धुतलेलं पोलाद उघडं पडतं, म्हणून लगेच तेल लावा. पावसाळा तोंडावर असेल तर त्याच दिवशी.

आणि हत्यार उन्हात असेपर्यंत गच्ची सोडून जाऊ नका.