बेवारस गॅस मीटर: ३ स्टार, तेही एका बाईंमुळे

लंडनमधे भाड्याने फ्लॅट घेतला, बॉयलर मस्त चालू पण गॅसचं बिल कोण पाठवणार याचा पत्ताच नाही. 'फाइंड माय सप्लायर' या गॅस कंपनी शोधायच्या वेबसाइटवर पोस्टकोड टाकला तर सप्लायरच दिसेना, घरमालक म्हणे एजंटला विचारा, एजंट म्हणे घरमालकाला. मग या गॅस पुरवणाऱ्या कंपनीच्या चॅटवर गेलो तर तिथले लोक विजेचा १३ आकडी नंबर मागत बसले, अरे बाबा गॅसचा एमपीआरएन (गॅस जोडणीचा ओळख नंबर) वेगळा, तो १० आकड्यांच्या वर जातच नाही! शेवटी फोनवर एक बाई भेटल्या, त्यांनी मीटरच्या सिरीयल नंबरचा आणि रीडिंगचा फोटो मागवला आणि रजिस्ट्रेशन मार्गी लावलं, बिलही राहायला आल्या तारखेपासूनच. चावी मिळाली की आधी मीटरचा फोटो काढा, नाहीतर आधीच्या भाडेकरूचे युनिट तुमच्या बोकांडी. अॅप मात्र एकदम भंगार.