टिसचं अर्बन पॉलिसीचं एमए : नाव मोठं, पण कुठल्या खिडकीवर?

दाजींचा फोन आला तेव्हा मी हार्बर लाईनला लटकलेलो होतो. त्यांचा पहिलाच प्रश्न, "टाटाचं कॉलेज म्हंजे पुढं टाटातच लागती का रे नोकरी?" म्हणलं दाजी तसं नसतंय, उतरून करतो फोन.

झालंय असं की भाचीनं साताऱ्याला भूगोलात बीए केलंय आणि आता तिला टिसला, म्हणजे देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसला, अर्बन पॉलिसी अँड गव्हर्नन्सचं, म्हणजे शहरांची धोरणं आणि कारभार या विषयाचं, एमए करायचंय. मी गेली तेरा वर्षं मुंबईत वस्त्यांमधल्या पाणी-संडासाच्या कामात आहे, आमच्या छोट्या संस्थेत टिसची पोरं येत-जात असतात, म्हणून "मामा तूच सांग" हे माझ्या गळ्यात पडलं. तिच्यासाठी जे शोधलं, ज्याला त्याला विचारलं, ते इथं टाकतोय, अजून कोणाच्या घरात हाच घोळ चालू असेल तर उपयोग होईल. मी स्वतः तिथं शिकलेलो नाही बरं का, मी आपला सिव्हिल डिप्लोमावाला, त्यामुळे वर्गात काय चालतं ते मला विचारू नका, पोरं कामाला आल्यावर काय दिसतं तेवढं सांगतो.

आधी रँकिंग बघितलं, कारण दाजींना नंबर लागतो. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगमध्ये, आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगची कॅटेगरी आहे, पॉलिसीची नाही, म्हणजे या कोर्सचा नंबर शोधायचा तरी कुठं. अमेरिकेत यूएस न्यूजवाले पब्लिक अफेअर्सच्या कॉलेजांचे नंबर काढतात, त्यात अर्बन पॉलिसीची वेगळी यादीसुद्धा आहे, मला वाटलं चला कायतरी ठोस मिळालं, पण ते नंबर कसे काढतात ते वाचलं आणि हसायलाच आलं. डीन, डायरेक्टर अशा लोकांना फॉर्म पाठवायचे आणि विचारायचं बाकीची कॉलेजं तुम्हाला कशी वाटतात, बास. फी किती, नोकरी कोणाला लागली, पोरांना काय येतं, यातलं काही नाही. आपल्याकडं लग्न जमवताना गावात चौकशी करतात ना, "घराणं चांगलंय म्हणतात", तसलाच प्रकार.

बरं, घराणं बघायचं तर टिसचं घराणं जुनं आहे. १९३६ ला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क म्हणून सुरू झालं, १९४४ ला आत्ताचं नाव मिळालं, १९६४ ला अभिमत विद्यापीठ झालं. पण जे नाव झालंय ते मुळात सोशल वर्कचं. ज्या स्कूल ऑफ हॅबिटाट स्टडीजमध्ये हा अर्बनचा कोर्स आहे ते २००६ चं, म्हणजे घर आजोबांचं आणि ही खोली परवा काढलेली. खोली वाईट आहे असं नाही म्हणत, पण "टिस म्हणजे एक नंबर" म्हणणाऱ्या दहातल्या नऊ लोकांनी सोशल वर्क नाहीतर एचआरवाल्यांचं ऐकलेलं असतं.

आता मेन मुद्दा. हे नाव कुठं चालतं? आमच्यासारख्या संस्थेत, कन्सल्टन्सीत, फंड देणाऱ्या फाउंडेशनांत चालतं, बायोडाटात टिस दिसलं की निदान फोन तरी जातो. पण एका वॉर्ड ऑफिसात मी पाणी खात्यातल्या साहेबांना सहज विचारलं, तर ते म्हणाले, "टिस म्हणजे ते सर्व्हे करायला येतात ते ना?" विषय संपला. त्यांना एलएसजीडी माहीत, तो अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचा डिप्लोमा. ती संस्था १९२६ ची आणि महापालिकेत विचारलंत तर तो डिप्लोमा केलेलं कोणीतरी शेजारच्या टेबलावरच निघेल.

आणि हे तर भाचीलाही माहीत नव्हतं, पॉलिसीचं एमए म्हणजे प्लॅनर नाही. नगर रचना खात्यात जायचं असेल, एमपीएससीतून सहायक नगर रचनाकार व्हायचं असेल, तर सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंगची डिग्री लागते. त्यासाठी पुण्याचं सीओईपी, अहमदाबादचं सेप्ट, दिल्लीचं एसपीए असल्या प्लॅनिंग शिकवणाऱ्या कॉलेजांच्या वाटा, आणि तिथं कुठल्या पदवीवर घेतात ते आधी बघायचं. तिला वाटत होतं अर्बन शब्द आला की झालं. मी हे सांगितल्यावर पाच मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली, "मला नकाशे नाही काढायचे मामा, पैसा कुठं जातो ते बघायचंय." म्हणलं मग तुझा कोर्स हाच. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर आहे, बघत बस आयुष्यभर.

आमच्याकडं एक मुलगी आली होती तिथून हाच कोर्स करून. वस्त्यांच्या पाण्याबद्दलचा मुंबई हायकोर्टाचा डिसेंबर २०१४ चा निकाल तिला पाठ, म्हणजे वस्ती बेकायदेशीर आहे म्हणून पिण्याचं पाणी नाकारता येत नाही तो. शहरांच्या स्थानिक कारभाराची ७४ वी घटनादुरुस्ती, तिच्यातून आलेल्या बाराव्या परिशिष्टातली १८ कामं, त्यातली महापालिकेकडं खरोखर किती आली, सगळं धडाधड. आणि पहिल्याच आठवड्यात गटाच्या (म्हणजे काही घरांत मिळून एका) नळ कनेक्शनचा अर्ज घेऊन गेली ती तासाभरात परत, कारण अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फत करावा लागतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. वैतागली, रडायच्या बेताला आली. आमच्या वस्तीतल्या मावशींनी तिला चहा पाजला आणि प्लंबरचा नंबर दिला. पण गंमत पुढं आहे, सहा महिन्यांनी दुसऱ्या वस्तीचा अर्ज जेव्हा "वस्ती २००० नंतरची आहे" (म्हणजे त्यांच्या लेखी बेकायदेशीर) म्हणून परत आला तेव्हा आम्ही जुने लोक नेहमीप्रमाणे नगरसेवक शोधायला निघालो होतो (तेव्हा निवडणुका न झाल्यानं महापालिकेवर प्रशासक होता, मग नगरसेवक कुठला, सगळे माजी), आणि हिनं शांतपणे दोन पानी पत्र लिहिलं, निकालाचा परिच्छेद टाकला, आवक शिक्का मारून घेतला आणि दर सोमवारी जाऊन तिथं बसायला लागली. अर्ज हलला. प्लंबर मावशींनी शिकवला, पण ते पत्र आमच्यातल्या कोणालाही लिहिता आलं नसतं. माझ्या मते त्या कोर्सची किंमत एवढी आहे, कमी नाही आणि जास्त पण नाही.

मागच्या महिन्यात भाचीला कॅम्पस दाखवायला नेलं. गोवंडी स्टेशनला उतरून चालत गेलो. आतमध्ये झाडं, शांतता, पोरं पायऱ्यांवर बसून तावातावानं बोलतायत, तिला तिथंच आवडलं. मी मुद्दाम तिथून रिक्षा करून शिवाजीनगरकडं नेलं, देवनार डंपिंगच्या बाजूला. १९२७ पासून शहराचा कचरा तिथं येतोय, २०१६ च्या जानेवारीत आग लागली तेव्हा धूर सगळ्या मुंबईनं बघितला. हा सगळा एम-पूर्व वॉर्ड, २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात याचा मानव विकास निर्देशांक (शून्य ते एकच्या मापात) ०.०५ होता, शहरात सगळ्यात खाली. आणि टिस याच वॉर्डात. तिला वासानं मळमळायला लागलं, ओढणी नाकाला लावून बसली, पण रिक्षावाल्याला विचारत होती पाणी किती वाजता येतं. तो म्हणाला येत नाय, आणावं लागतं. शहराचा अभ्यास करायला यापेक्षा जवळची प्रयोगशाळा कुठल्या कॉलेजला असेल मला माहीत नाही, लंडनवाल्यांना विमानानं यावं लागतं.

दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर मामा कमिशन घेतो म्हणाल. जून २०२४ मध्ये तिथं शंभरावर कंत्राटी लोकांना, त्यात पन्नासपेक्षा जास्त शिकवणारे, मुदतवाढ नाही म्हणून कळवलं होतं आणि बोंबाबोंब झाल्यावर दोन-तीन दिवसांत ते मागं घेतलं. २०१८ ला एससी-एसटी-ओबीसी पोरांच्या फी सवलतीवरून मोठा संप झाला होता. म्हणून भाचीला सांगितलंय, माहितीपत्रकातली नावं नको बघू, आत्ता तिथं शिकणाऱ्या दोघा-तिघांना विचार की यंदा शिकवतंय कोण आणि पुढच्या वर्षी असणारेय का. शिष्यवृत्तीचे पैसे कधी जमा होतात ते पण विचार. पूर्वी टिसनेट ही त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असायची, आता सीयूईटी-पीजी या देशभरच्या सामाईक परीक्षेतून जावं लागतं, त्यामुळे साताऱ्यातनं येणाऱ्या पोरीला आधी त्या एमसीक्यूचं, म्हणजे पर्याय निवडायच्या प्रश्नांचं, बघावं लागणार.

मध्ये एका खाजगी युनिव्हर्सिटीचा पण फॉर्म भरला होता तिनं, नाव नाही घेत. तिथला काउन्सेलर दिवसातनं सहा वेळा फोन करायचा, शंभर टक्के प्लेसमेंट सर, शंभर टक्के. मी विचारलं मागच्या बॅचमधले कुठं लागले ते सांगा. म्हणाला सर पहिलीच बॅच आहे.

स्टार द्यायचे तर पाचात साडेतीन. संस्था, रिसर्च, कन्सल्टन्सी करायची असेल तर चार धरा, सरकारी खुर्ची पाहिजे असेल तर दोन. भाची आता अभ्यासाला लागलीय, निकालाचं बघू. दाजींनी मात्र सोसायटीत सांगून टाकलंय, पोरगी टाटात लागली म्हणून.