शीटमधला डेटा मेलने पाठवायचा: एक्सेलचं मॅक्रो बटण की गूगल शीट्सची स्क्रिप्ट?

दर आठवड्याला शीट उघडायची, एकेकाची ओळ कॉपी करायची, मेलमध्ये पेस्ट करायची, पत्ता टाकायचा. असं चाळीस वेळा. हे काम एका बटणावर आणायलाच हवं, कारण तिसाव्या मेलपर्यंत नजर थकते आणि एकाचा आकडा दुसऱ्याला जातो. ठरवायचं एवढंच की बटण कुठे बसवायचं.

एक्सेलचा मॅक्रो, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, व्हीबीए या ऑफिसमधल्याच प्रोग्रॅमिंग भाषेत लिहितात. तो मेल स्वतः पाठवत नाही, त्याच कॉम्प्युटरवरच्या आउटलुककडून पाठवून घेतो. त्यामुळे मेल तुमच्या नेहमीच्या खात्यावरून जातो आणि पाठवलेल्या मेलमध्ये त्याची नोंदही राहते. मला यातली सगळ्यात मोलाची सोय वाटते ती अशी: कोडमध्ये ‘सेंड’ऐवजी ‘डिस्प्ले’ लिहिलं की मेल जात नाही, भरून समोर उघडतो. पहिले काही आठवडे असंच चालवा.

अडचण आहे ती आउटलुकची. हे सगळं क्लासिक, म्हणजे जुन्या आउटलुकवर चालतं. विंडोजच्या नव्या आउटलुकला मॅक्रोतून हाताळता येत नाही. मॅकवरही हा कोड जसाच्या तसा चालत नाही. फाइल एक्सएलएसएम प्रकारात सेव्ह करावी लागते, साध्या एक्सएलएसएक्समध्ये केली तर मॅक्रो राहत नाही. शिवाय इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने 2022 पासून मुळातच अडवायला सुरुवात केली. म्हणजे तुमच्याकडे व्यवस्थित चालणारं बटण सहकाऱ्याकडे ढिम्म हलत नाही, आणि त्याला फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’वर खूण करावी लागते.

गूगल शीट्समध्ये हेच काम अ‍ॅप्स स्क्रिप्ट, म्हणजे गूगलची कोड लिहायची सोय, करते. ड्रॉइंग काढून त्याला स्क्रिप्ट जोडली की झालं बटण. ते कुठल्याही कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये चालतं, मोबाइल अ‍ॅपमध्ये मात्र नाही. पहिल्यांदा दाबणाऱ्या प्रत्येकाला परवानगी द्यावी लागते आणि मेल त्या दाबणाऱ्याच्याच खात्यावरून जातो, हे टीममध्ये आधी बोलून घ्या. बटणाशिवाय वेळेचा ट्रिगरही, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप सुरू करणारी सोय, लावता येतो. मग तुमचं मशीन बंद असलं तरी मेल ठरलेल्या दिवशी जातात. त्यासाठी एक्सेलमध्ये बरीच खटपट करावी लागते. मर्यादा आहे ती संख्येची: साध्या जीमेल खात्याला दिवसाला 100 जण, वर्कस्पेस (गूगलच्या ऑफिससाठीच्या) खात्याला 1500. एकाच मेलमध्ये पाच पत्ते टाकले तर ते पाच धरले जातात.

दोन्हीकडे हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे तारीख. शीटमध्ये सुबक दिसणारी तारीख स्क्रिप्टने ‘गेट व्हॅल्यूज’ वापरून उचलली की मेलमध्ये वार, वेळ आणि टाइमझोनसकट लांबलचक इंग्रजी ओळ उमटते. ‘गेट डिस्प्ले व्हॅल्यूज’ वापरलं की जे दिसतं तेच जातं. एक्सेलमध्ये ‘व्हॅल्यू’ऐवजी ‘टेक्स्ट’ वापरावं, पण कॉलम अरुंद असेल तर मेलमध्ये तारखेऐवजी ##### जातं.

माझ्याकडून एकदा बटण दोनदा दाबलं गेलं आणि सगळ्यांना दोन-दोन मेल गेले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक शीटमध्ये ‘पाठवले’ असा कॉलम असतो. मेल गेला की कोड तिथे तारीख-वेळ टाकतो आणि पुढच्या वेळी ती ओळ सोडून देतो. मध्येच नेट गेलं तरी कुठून पुढे जायचं ते कळतं. व्हीबीएमध्ये तेवढं ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ (चूक आली तरी पुढे जा, असं सांगणारी ओळ) सगळ्या लूपवर, म्हणजे एकेक ओळ घेणाऱ्या अख्ख्या कोडवर, पसरू नका. एखाद्या ओळीचा पत्ता वाचता आला नाही, तर मागच्या ओळीचाच पत्ता तसाच राहतो आणि मेल भलत्यालाच जातो. शिवाय अख्खी वर्कबुक जोडू नका, लपवलेल्या शीटही तिच्यासोबत जातात. ज्याच्यापुरता जो भाग, त्याचीच पीडीएफ करा.

आता निवड. एकच माणूस, एकच विंडोज मशीन, क्लासिक आउटलुक आणि पाठवण्याआधी प्रत्येक मेल डोळ्याखालून घालायचा असेल, तर एक्सेलचा मॅक्रो. शीट तिघे-चौघे मिळून भरत असाल किंवा मेल ठरल्या वेळी आपोआप जायला हवे असतील, तर गूगल शीट्स. ऑफिसने नव्या आउटलुकवर नेलं असेल, तर व्हीबीएवर नव्याने मेहनत घेऊ नका, पॉवर ऑटोमेट ही मायक्रोसॉफ्टची कामं आपोआप करून देणारी सेवा बघा. तिथे डेटा एक्सेलच्या ‘टेबल’मध्येच असावा लागतो, आणि पेजिनेशन (ओळी टप्प्याटप्प्याने आणायची सेटिंग) चालू केलं नाही तर पहिल्या 256 ओळीच उचलल्या जातात.

काहीही निवडलं तरी पहिली चाचणी पत्त्यांच्या कॉलममध्ये सगळीकडे स्वतःचा पत्ता टाकून घ्या.