अमेरिकेतली कॉलेजं आणि आर्थिक मदत: दोन पत्रं शेजारी ठेवून बघताना

मार्च-एप्रिलमध्ये कॉलेजांच्या ऑनलाइन पोर्टलवर मुलांच्या नावाने आर्थिक मदतीची पत्रं यायला लागतात आणि घरातल्या सगळ्यांची नजर आधी स्कॉलरशिपच्या आकड्यावर जाते. माझा आग्रह असा, की तो आकडा बाजूला ठेवा. चार वर्षांत घरातून एकूण किती पैसे जाणार ते काढा आणि त्यावर निर्णय घ्या.

उदाहरणादाखल दोन पत्रं घेऊ. खासगी कॉलेजचा वर्षाचा एकूण खर्च ८४,००० डॉलर, ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, ४६,०००. त्याखाली ५,५००चं फेडरल (केंद्र सरकारचं) लोन आणि २,५००ची वर्क-स्टडी, म्हणजे शिकताना काम करून मिळवायचे पैसे. पत्र म्हणतं, एकूण मदत ५४,०००, तुम्ही भरायचे ३०,०००. राज्याच्या युनिव्हर्सिटीचा खर्च ३६,०००, मेरिट (गुणवत्तेवरची) स्कॉलरशिप ४,०००, तेवढंच लोन, भरायचे २६,५००. फरक दिसतो साडेतीन हजारांचा. नावाजलेल्या कॉलेजसाठी एवढं करूच, असं कुणाही आईवडिलांना वाटेल.

आता दोन्हीकडचं लोन आणि वर्क-स्टडी खोडा. लोन मुलाला फेडायचंच आहे. वर्क-स्टडीचे पैसे सहसा बिलातून वजा होत नाहीत. मूल काम करेल तसा पगार मिळतो, आणि सेमिस्टरचं बिल त्याआधीच दारात असतं. उरले ३८,००० विरुद्ध ३२,०००, म्हणजे फरक सहा हजारांचा. खर्च दरवर्षी ४ टक्के वाढला आणि ग्रँट आहे तेवढीच राहिली, तर चौथ्या वर्षी हाच फरक १२,०००च्या घरात जातो. चार वर्षांची बेरीज होते सुमारे ३६,०००. पत्रावर हे कुठेच लिहिलेलं नसतं. अमेरिकी काँग्रेसच्या जीएओ या संस्थेने २०२२ साली पत्रं तपासली, तेव्हा अंदाजे ९१ टक्के कॉलेजं खरा निव्वळ खर्च एकतर सांगत नव्हती किंवा कमी दाखवत होती. त्यामुळे ही आकडेमोड घरीच करावी लागते.

मदत टिकेल किती, हेही बघा. मेरिट स्कॉलरशिपला सहसा जीपीएची, म्हणजे ग्रेडच्या सरासरीची, अट असते. ३.०ची असेल तर ठीक, ३.५ची असेल तर मी ती स्कॉलरशिप खात्रीची धरत नाही, कारण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी हुशार मुलंही घसरतात. गरजेवर आधारित ग्रँट मात्र दरवर्षी नव्याने ठरते. पगार वाढला की ती कमी होऊ शकते. धाकटं भावंड कॉलेजात जाणार असेल तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा: २०२४-२५पासून फाफ्साच्या (फेडरल मदतीच्या सरकारी अर्जाच्या) हिशोबात एकाच वेळी दोन मुलं कॉलेजात असल्याची सवलत उरलेली नाही, पण सीएसएस प्रोफाइल (कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठीचा वेगळा अर्ज) मागणारी काही खासगी कॉलेजं ती अजूनही देतात. अशा घराला खासगी कॉलेज पुढे स्वस्त पडू शकतं.

एच-४ व्हिसावरच्या (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या) मुलांना फेडरल ग्रँट, लोन, वर्क-स्टडी यांपैकी काहीच मिळत नाही. त्यांनी फक्त कॉलेजच्या स्वतःच्या पैशांची तुलना करावी. मूल अमेरिकी नागरिक असेल तर आईवडिलांचा व्हिसा आड येत नाही.

आणि तिसऱ्या एखाद्या कॉलेजचं पत्र अजून आलंच नसेल तर? प्रवेश पक्का करून डिपॉझिट (जागा राखायची रक्कम) भरण्याची बहुतेक कॉलेजांची मुदत १ मे असते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोर्टल उघडून बघा. पुष्कळदा एखादा कागद किंवा व्हेरिफिकेशन (अर्जातल्या माहितीची पडताळणी) अडकलेलं असतं आणि कुणी कळवलेलं नसतं. मग फोन करा. तरीही उशीर होणार असेल तर ज्यांची पत्रं आली आहेत त्यांच्याकडे डिपॉझिटसाठी मुदतवाढ मागा. ती मागणी मुलाने स्वतः, दोन ओळींच्या ईमेलने करावी. दोन ठिकाणी डिपॉझिट भरून ठेवू नका. ते नियमाला धरून नाही.

रक्कम कमी पडत असेल तर अपील करता येतं. नोकरी गेली, उत्पन्न घटलं, मोठं आजारपण झालं, तर आर्थिक मदत अधिकाऱ्याला आकडे बदलण्याचा कायद्याने अधिकार आहे. कागद जोडा, दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडा, आणि नेमकी किती रक्कम कमी पडते ते लिहा. हे सगळं डिपॉझिट भरण्याआधी करा.